सुनेच्या डोक्यावरचं खापर

३ जून

पिंट्या,

चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याला पिंट्या म्हणू नये हे मला कळतं, पण या वयात तुला नवं नाव कुठून आणू?

फोनवर बोलले असते. पण फोन लावला की अण्णा टीव्ही बंद करून कान टवकारतात आणि आई माझ्या खांद्याला चिकटून उभी राहते. म्हणून पत्र. दुकान उघडायच्या आधी, लोकांच्या शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगात बसून लिहिते आहे.

अण्णांचा उजवा गुडघा पार कामातून गेला. खुर्चीतून उठताना चेहरा असा होतो की आपणच दुसरीकडे बघावं. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायला हवा, आणि ते ऑपरेशन इथे होत नाही. तुमच्याकडे होतं. तुझी बायको नर्स आहे त्याच हॉस्पिटलात. मागे ती मला आपणहून म्हणाली होती, "ताई, वेळ आली तर फक्त सांगा, मी आहे." तर वेळ आली आहे.

जुलैअखेर मी दोघांना तुझ्याकडे आणून सोडते. दोन-अडीच महिने लागतील. माझ्या सासूबाई अंथरुणावर, दुकान एकटीचं, आणि दिवसातून चारदा आई-अण्णांकडे फेरी. मी तक्रार करत नाही. म्हणजे, करतेच आहे.

तुझ्याकडे जायचं म्हटल्यापासून अण्णांना तरतरी आली आहे. शेजारपाजारी सांगून झालं: "मुलगा कारखान्यात सेक्शनचा मुख्य, सून हॉस्पिटलात. मला काय कमी आहे?"

तारीख कळव.

ताई


१५ जून

ताई,

उत्तराला उशीर झाला. कारखान्यात सध्या मान वर करायला फुरसत नाही.

अण्णांचं वाचून वाईट वाटलं. पण जुलैअखेर जमेल असं दिसत नाही. तुला माहीतच आहे, आम्ही हॉस्पिटलजवळ जागा घेतली ती दोनच खोल्यांची. दुसरा मजला, लिफ्ट नाही. छकुलीचा अभ्यास स्वयंपाकघरात चालतो. आणि हिच्या पाळ्या. कधी सकाळ, कधी रात्र, कधी लागोपाठ दोन.

आणखी एक, पण हे आपल्या दोघांत. घरात माणसं वाढली की हिची चिडचिड होते. तोंडाने बोलणार नाही, पण मला दिसतं ना. तू तिला यातलं काही विचारू नकोस, उगाच वाढेल. वर्षअखेरपर्यंत थांबता येईल का? तोवर गुडघ्याला पट्टा, मालिश असं काही चालू ठेवा.

आईला सांभाळून राहायला सांग.

पिंट्या


२७ जून

भावजयबाई,

पाकिटावर तुझं नाव घातलं आहे, कारण हे तुझ्यासाठीच आहे. नवऱ्याला दाखव, नाहीतर नको दाखवूस.

माझ्या भावाने तुझ्याबद्दल वाकडा शब्द लिहिलेला नाही. उलट, तुला काही विचारू नको म्हणाला. पण मी शिवणकाम करणारी बाई आहे. कापड उलटून टाके बघायची मला सवय आहे. म्हातारा-म्हातारी घरात नकोत, असं सरळ सांगितलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. तोंडदेखलं "मी आहे" कशाला म्हणालीस? छकुलीच्या वेळी तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा आई तुझ्या उशाशी किती महिने होती ते आठव. तेव्हा खोल्या किती होत्या हे कुणी मोजलं नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, सुनेला जमत नाही. ते जेवण तसंच टाकून उठायला गेले, मी हात दिला तर तो झटकला.

तुझ्या वॉर्डात रोज परक्यांचे म्हातारे येतात. त्यांचं करताना कधीतरी घरच्याचीही आठवण येऊ दे.

ताई


४ जुलै

ताई,

तुझं पत्र तिने पाळीवरून आल्या आल्या दारातच वाचलं. पर्स खांद्यालाच होती. मी भाजी चिरत होतो. तिने ते घडी घालून माझ्या सुरीजवळ ठेवलं.

"हे तुझं आहे."

"पाकिटावर तुझं नाव आहे," मी म्हटलं.

"नाव माझं, पत्र तुझं. उत्तर तू द्यायचंस." एवढं बोलून ती आंघोळीला गेली. आज चौथा दिवस. ती माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं.

ताई, मला नोकरी नाही. आत्ता गेली असं नव्हे. दोन वर्षं होत आली. चष्म्याच्या काचा आता बाहेरून घासून तयार येतात, त्या स्वस्त पडतात. आमच्या अख्ख्या सेक्शनला टाळं लागलं. आधी वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत दुसरी लागेल, मग हसत सांगू की मधे थोडे दिवस घरी होतो. लागली नाही. आणि जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं, कारण आधी इतके दिवस का गप्प बसलो तेच सांगावं लागलं असतं. जागासुद्धा हॉस्पिटलजवळ म्हणून घेतली नाही. जुनी परवडत नव्हती.

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नकोस. जिथे काचांचं काम आहे तिथे माणसं कमी करतायत. जिथे माणसं घेतायत तिथे आधी वय विचारतात. रखवालदार घ्या म्हटलं तर म्हणाले, तुम्ही मुख्य होतात, इथे टिकणार नाही.

छकुलीला शिकवून ठेवलंय, आजीचा फोन आला की बाबा कामावर गेलेत म्हणायचं. परवा ती ते म्हणत होती आणि मी मागे बसून तिची वेणी घालत होतो.

तुला काका आठवतात? गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते आपल्याकडे यायचे तेव्हा अण्णा काय म्हणायचे? "या, बिनपगारी फुल अधिकारी!" सगळे हसायचे. काकाही हसायचे. मी त्यांच्या शेजारी जेवायला बसायचो, मला त्यांचा घास तोंडाजवळ थांबलेला दिसायचा. पुढे ते यायचेच बंद झाले. ताई, मला अण्णांच्या तोंडून ते ऐकायचं नाही. त्यापेक्षा काहीही.

आणि "काहीही"मध्ये मी बायकोला ढकललं. तिची चिडचिड होते हे मी लिहिलं ते साफ खोटं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी ती मोठ्या डॉक्टरांशी बोलून आली होती. मीच तिला थांबवलं.

तू तिला काय म्हणायचं ते म्हण, मला काय म्हणायचं ते म्हण. पण अण्णांना सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो.

पिंट्या


१२ जुलै

पिंट्या,

तुझं पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि खाली बसले. एक बाई ब्लाउज न्यायला आली होती, तिला उद्या ये म्हटलं. उद्या आली तेव्हाही तो तयार नव्हता.

नोकरी गेली याचा मला राग नाही, जाते. दोन वर्षं तू एकट्याने हे गिळलंस याचं मला रडू आलं. पण गाढवा, माझ्याच हाताने तू मला तिला असलं पत्र लिहायला लावलंस! सोबतच्या चिठ्ठीत तिची माफी मागितली आहे. ती नीट हातात दे, भाजीवर ठेवू नकोस.

आता इकडचं ऐक. अण्णांनी ऑपरेशनच नको म्हणून धरलंय. "सुनेच्या दारात पाय ठेवणार नाही. पाय गेला तर गेला." आणि हे त्यांनी घरात ठेवलेलं नाही. मामा, आत्या, समोरचे, सगळ्यांना ठाऊक आहे की पिंट्याची बायको सासू-सासऱ्यांना दारात उभं करत नाही. आत्या म्हणाली, "नोकरी करणाऱ्या बायकांचं असंच." मी तिथे बसले होते. खरं माहीत असून तोंडातून शब्द काढता आला नाही, कारण तू पाया पडून गप्प राहायला सांगितलंस.

तिचा बळी किती दिवस द्यायचा? खरं कळल्याशिवाय अण्णा तिकडे यायचे नाहीत, आणि तिकडे आल्याशिवाय पाय बरा व्हायचा नाही. ही गाठ तुझ्याच हातची आहे.

काकांचं म्हणतोस ते खरं आहे. अण्णा तेव्हा वाईटच वागले. तुझ्याशी कसे वागतील हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी सांग.

ताई


२० जुलै

ताई,

तुमची चिठ्ठी मिळाली. वाचून लगेच सगळं विसरले असं लिहीत नाही. खोटं आमच्या घरात आधीच पुष्कळ झालंय.

तुम्ही विचारलंत, मीच अण्णांना फोन करून का सांगत नाही. दहादा मनात आलं. पण मी सांगितलं तर ती बायकोने केलेली चुगली होईल, आणि त्याला आयुष्यभर पुरेल एवढं निमित्त. हे त्याचं त्यानेच उचलायला हवं. मला नावं ठेवतायत तर ठेवू देत. मी वॉर्डात रोज त्याहून वाईट ऐकते, तेही इंजेक्शन देताना.

मला काळजी वेगळीच आहे. खालच्या सायकलवाल्याने एकदा सहज विचारलं, "साहेब, आज सुट्टी का?" तेव्हापासून तुमचा भाऊ मागच्या जिन्याने ये-जा करतो. दाढी करत नाही. छकुलीला शाळेत सोडून आला की खिडकीशी बसतो तो तिला आणायची वेळ होईपर्यंत. मी पाळीवरून दुपारी फोन करते, "गॅस बंद केलास का?" असलं काहीतरी विचारायला. गॅस बंद असतो हे मला माहीत असतं. तो फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

पुढच्या महिन्यात एक मुलाखत आहे. नोकरी मिळाली की त्याच दिवशी अण्णांना सांगतो म्हणालाय. नाही मिळाली तर काय, हे मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

तुमची भावजय


९ ऑगस्ट

ताई,

झालं नाही.

काचेची खोली होती, बाहेरून जाणारा-येणारा बघत होता. मुलाखत घेणारी बाई माझ्याहून लहान, पण बोलायला नीट. कामाचं विचारलं ते सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "गेल्या दोन वर्षांत काय केलंत?"

ताई, "घरी होतो" एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून आलं, "सल्लागार म्हणून काम करत होतो."

"कुणाकडे?"

"दोन-तीन ठिकाणी."

"एखादं नाव सांगाल? आम्ही फक्त विचारून घेतो."

मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी मी प्यायलो.

ती वाईट नव्हती. तिने कागदात डोकं घातलं, मला तोंड सावरायला वेळ मिळावा म्हणून. "कळवतो" म्हणाली. कळवणार नाहीत.

बाहेर पडलो तो बस डेपोवर येऊन बसलो. घरची बस समोरून सुटत होती, दुसरी लागत होती, मी बाकावरच. बायकोचे फोन येत होते. उचलले नाहीत. अंधार पडायच्या सुमारास ती समोर येऊन उभी राहिली, गणवेशातच, पाळी अर्धी टाकून. मला वाटलं, आता बोलेल. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "तुला शोधायला कुठेकुठे जायचं ते एकदा सांगून ठेव. म्हणजे मला धावाधाव कमी होईल."

मी तिला सांगितलं की मला थोडा वेळ हवा. तुलाही तेच सांगतो. सप्टेंबरात आणखी एका ठिकाणी माणूस घेणार आहेत.

पिंट्या


१८ ऑगस्ट

पिंट्या,

अण्णा न्हाणीघरात पडले. आतून कडी होती. आई दार बडवत होती आणि आतून आवाज नाही. समोरच्यांनी कडी तोडली. भुवईवर टाके पडलेत, हाड वाचलं. डोळा काळानिळा झालाय.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले ते ऐक: "पिंट्याला कळवू नका. त्याच्या घरात माझ्यावरून भांडण नको." तुझ्या घरात जे भांडण नाहीच, ते मिटवायला हे गृहस्थ असल्या गुडघ्याने न्हाणीघरात जातायत.

सप्टेंबरचं मला सांगू नकोस. या आठवड्यात तू अण्णांना लिहिलं नाहीस तर मी तोंड उघडणार. मग तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल.

ताई


२२ ऑगस्ट

ती. अण्णा,

तुम्ही पडलात हे ताईने कळवलं.

मला दोन वर्षं नोकरी नाही. कारखान्यातला आमचा भाग बंद झाला. तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही काय म्हणाल याची भीती होती. तुम्ही इकडे आलात की मी दिवसभर घरी असतो हे दिसलं असतं, म्हणून येऊ नका म्हटलं, आणि दोष तुमच्या सुनेवर जाऊ दिला. तिने एकदाही नाही म्हटलेलं नाही. ती पहिल्या दिवसापासून तुमच्या ऑपरेशनच्या मागे आहे.

तुम्हाला मला जे म्हणायचं असेल ते म्हणा. पण इकडे या. मी घरीच असतो, तुमचं सगळं मला करता येईल.

पिंट्या


३० ऑगस्ट

सूनबाई,

मला पत्रं लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घे.

तुझ्याबद्दल मी चार माणसांत जे बोललो ते मी बोलायला नको होतं. मुलाने सांगितलं ते मी पारखून घेतलं नाही. बाजारातून साधं कुलूप आणताना मी चारदा उघडून बघतो. तुझ्या बाबतीत बघितलं नाही.

ऑपरेशनची तारीख तू म्हणशील ती. आम्ही येतो. दोन मजले चढेन, बसत बसत चढेन.

तुझ्या नवऱ्याशी जे बोलायचं ते मी समोर बोलेन. पत्रातून नाही.

अण्णा


१७ ऑक्टोबर

ताई,

तू त्यांना सोडून गेलीस त्याला महिना होऊन गेला. फोनवर तुला फक्त गुडघ्याचं कळलं, कारण फोन अण्णांच्या उशाशी असतो. आता बाकीचं लिहितो.

तू परतीच्या गाडीत बसलीस तेव्हा ही पाळीवर होती. अण्णा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले ते ती येईपर्यंत हलले नाहीत. ती आल्यावर काठी टेकून उभे राहिले. आईने मला डोळ्याने दटावलं, मधे पडू नकोस म्हणून. अण्णांनी हात जोडायला काठी सोडली आणि ते डगमगले. हिने एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्याने पँट वर करून गुडघा बघितला. "अण्णा, हे सुजलंय. आधी बसा." बस्स, एवढंच झालं. मग तिने त्यांचा पाय उशीवर ठेवला आणि आम्हा सगळ्यांना चहा केला.

माझ्याशी मात्र अबोला. "काठी." "पाणी." "दिवा." मी दाढी करून द्यायचो, आंघोळ घालायचो, ते माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचे. मी रोज वाट बघायचो, आज काकांना म्हणायचे ते शब्द येतील. ऑपरेशन झालं तरी नाही. त्या दिवसांत मला तो बस डेपोचा बाक बरा वाटायला लागला होता.

ऑपरेशननंतर त्यांना चालवायला लागले. वॉकर पुढे, मी मागून कमरेला धरलेलं. वॉर्डाच्या मधोमध ते थांबले. तोंड पुढेच ठेवून म्हणाले, "मला राग आहे."

"माहीत आहे, अण्णा."

"तुला काय माहीत आहे? नोकरी कुणाची जात नाही? मुलगा बापाला एवढा घाबरतो, हे मला म्हातारपणी कळलं. आणि ती पोरगी वर्षानुवर्षं माझं करायला तयार, तिला मी घरोघर बदनाम करून आलो. आता कुणाकुणाच्या दारात जाऊन ते शब्द परत घेऊ?"

मी म्हटलं, "मी येतो बरोबर."

"येशीलच. एकटा जातोय की काय मी?" आणि वॉकर पुढे टाकला.

मला वाटलं, मिटलं. पण खरी गंमत पुढेच. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला भेटायला त्याचा जावई आला होता. अण्णा त्याला म्हणाले, "हा माझा मुलगा. चष्म्याच्या काचांच्या कामात मुरलेला आहे. दोन वर्षं नोकरी नाही. तुमच्या बघण्यात काही असेल तर सांगा." ताई, अख्ख्या वॉर्डात! माझ्या कानांतून वाफ निघाली असेल. जावई म्हणाला, "बघतो ना." त्यानंतर वॉर्डबॉय. मग सफाईवाल्या मावशी. मग मोठे डॉक्टर राऊंडला आले, तर त्यांनाही. डॉक्टर गुडघा वाकवून बघतायत आणि हे पडल्या पडल्या माझं वय सांगतायत.

मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "अण्णा, पुरे करा ना."

"का? तू गप्प बसून बघितलंस दोन वर्षं. आता मी बोलून बघतो."

हिला सांगितलं तर ती औषधाच्या ट्रॉलीवर वाकून हसली. म्हणाली, "चहाच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक झालंय. दोघीजणी मला म्हणाल्या, आमचाही नवरा घरीच आहे, आम्ही सांगत नव्हतो."

अजून काम मिळालेलं नाही, हे तुला सरळ सांगतो. जावयाने बघितलंच नाही. वॉर्डबॉयने पाठवलं तिथे जागा भरली होती. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांच्या दिराचं चष्म्याचं दुकान आहे. त्याला फ्रेममध्ये काचा बसवायला माणूस हवाय, आठवड्यातून दोन-तीन दिवस. मुख्य वगैरे कुणी नाही, एक टेबल आणि एक दिवा. सोमवारी बोलावलंय. दोन वर्षं काय केलंत असं विचारलं तर घरी होतो म्हणणार आहे.

काळजी गेलेली नाही. सकाळी उठल्यावर छातीवर दगड असतोच. अण्णांचे टोमणेही सुरू झालेत, कालच म्हणाले, "भाजी बरी चिरतोस, तेवढं मीठ मात्र बायकोला टाकू दे." आईला मी स्वयंपाक करतो हे अजून बघवत नाही, ती येऊन माझ्या हातातून झारा ओढते.

पत्र आणखी लांबवलं असतं, पण आत्ता कुरिअरवाला आलाय. दार अण्णांनीच उघडलं, वॉकरसकट. सही करता करता त्याला विचारतायत, "रोज किती ऑफिसांत जातोस रे तू?" तो बिचारा बोटं मोजतोय. आता माझ्या कामाचं सांगायला लागलेत. पण काच घासायची म्हणजे नक्की काय करायचं ते त्यांना धड सांगता येत नाही, खिडकीच्या काचा पुसण्यासारखं काहीतरी सांगतायत.

थांब, मीच उठून सांगतो.

पिंट्या